गाऱ्हाण्यानंतरचा काळ : ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने त्याचा गौरव झाला. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव व डहाणू तालुक्यांत वारली आदिवासींनी १९४५ पासून जमीनदार-सावकारांच्या वेठीविरुद्ध जो लढा दिला, त्याचे हे अनुभवकथन आहे. मराठी समीक्षेने ते मुख्यतः चळवळीचे साहित्य, कार्यकर्तीचे आत्मकथन किंवा आदिवासी जीवनाचा दस्तऐवज म्हणून वाचले. ही तिन्ही वाचने योग्यच आहेत. तथापि या पुस्तकात आणखी एका प्रश्नाचे दर्शन घडते आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. काम करणाऱ्या माणसाने आपल्याला मिळणाऱ्या वेगळ्या, हीन वागणुकीचे गाऱ्हाणे मांडल्यानंतर आणि त्याचा निकाल लागण्यापूर्वी जो काळ जातो, तो काळ कसा काढायचा, हा तो प्रश्न होय.

वेठ ही केवळ आर्थिक पिळवणूक नव्हती. विशिष्ट जमातीत जन्मलेल्या माणसाकडून फुकट अथवा नाममात्र मोबदल्यात काम करून घेता येते, त्याला मारता येते, त्याच्या घरातील स्त्रीवर हक्क सांगता येतो, हे त्या व्यवस्थेचे गृहीतक होते. कामाच्या ठिकाणचा भेदभाव असे आज ज्याला म्हटले जाते, त्याचेच हे उघडेवाघडे रूप होते. म्हणून या पुस्तकाचे वाचन आजच्या तक्रारदाराच्या अनुभवाशी जोडून करणे सयुक्तिक ठरते. गाऱ्हाण्यानंतरच्या प्रतीक्षेची किंमत कोण मोजतो, यावर ती प्रतीक्षा सोसवते की माणसाला मोडते हे ठरते, आणि परुळेकरांच्या पुस्तकाचे खरे बळ व खरी मर्यादा याच कसोटीवर स्पष्ट होतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. नोंद झालेले गाऱ्हाणे

वारल्यांचे दुःख १९४५ पूर्वी कोणालाच ठाऊक नव्हते, असा समज पुस्तकाच्या उथळ वाचनातून होऊ शकतो. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यानंतर डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीची पाहणी सोपविण्यात आली. त्याचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीनदार आपल्या कुळांकडून लागेल तितके दिवस काम करून घेतात, नकार दिल्यास मारहाण होते, मोबदला दिलाच तर तो दिवसाला फार तर एक आणा असतो, पुष्कळदा एका माणसाच्या पोटापुरता तांदूळच हातावर ठेवला जातो आणि कुळांच्या स्त्रियांचा उपभोग घेतला जातो, या सर्व गोष्टींची त्यात स्पष्ट नोंद आहे.

याचा अर्थ असा की गाऱ्हाणे सरकारदरबारी दाखल झालेले होते. ते एका जबाबदार अधिकाऱ्याने लिहिले होते आणि सरकारने छापलेही होते. त्यानंतर सहा वर्षे गेली. या सहा वर्षांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, महायुद्ध सुरू होऊन संपत आले. अहवालाचे शब्द कागदावर राहिले आणि वेठ शेतावर राहिली. अहवाल खरा होता, तरीही ज्यांच्याविषयी तो होता त्यांच्या दिवसात त्याने काही बदल घडवला नाही. तक्रारीची सत्यता मान्य होणे आणि तक्रारीचे निवारण होणे यांत केवढे अंतर असते, याचा हा ठळक दाखला आहे. आजच्या कचेऱ्यांतील तक्रारदारालाही बहुधा प्रथम याच अंतराची जाणीव होते. ‘तुमचे म्हणणे रास्त आहे’ हे वाक्य त्याला लवकर ऐकायला मिळते, त्यापुढचे वाक्य मात्र येत नाही.

२. ‘जागे होणे’ या रूपकाची मर्यादा

या पार्श्वभूमीवर पुस्तकाच्या शीर्षकाचा विचार करावा लागतो. ‘जागा होतो’ या क्रियापदात माणूस आधी निजलेला होता हे गृहीत आहे. परुळेकर पुण्यातील सुशिक्षित कुटुंबात वाढल्या, त्यांनी कायद्याची पदवी घेतली, भारत सेवक समाजात प्रवेश मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या आणि पुढे त्या शामराव परुळेकरांसह कम्युनिस्ट चळवळीत व किसान सभेत आल्या. अशा कार्यकर्तीला जंगलपट्टीतील भय आणि मौन प्रथम निद्रेसारखे वाटणे स्वाभाविक आहे. रूपक समर्थ आहे आणि एका पिढीला त्याने प्रेरणा दिली, हेही नाकारता येणार नाही.

परंतु पुस्तकातील घटनाक्रमच या रूपकाला पुरता दुजोरा देत नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली, तेव्हा उंबरगाव भागातील वारली तेथे स्वतः गेले होते आणि झरी गावच्या माह्या धांगडा यांनी व्यासपीठावरून वेठीची कहाणी सांगितली होती. निजलेला माणूस इतक्या लांब चालत जाऊन अनोळखी सभेत बोलत नाही. तो जागाच होता. ऐकणारा कोण आणि तो कोठे भेटेल याच्या शोधात होता. मौन हा त्याचा स्वभाव नव्हता. बोलल्यास मार बसतो आणि बोलून काही होत नाही, या दोन अनुभवांतून आलेले ते व्यवहारज्ञान होते. पुस्तकाच्या १९७५ च्या इंग्रजी आवृत्तीच्या ‘आदिवासीज रिव्होल्ट’ या शीर्षकात जागृतीचे रूपक नाही, बंडाचा थेट उल्लेख आहे, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

रूपकाची ही चर्चा केवळ शब्दांची नाही. प्रतीक्षा करणाऱ्या माणसाला निष्क्रिय समजण्याची सवय प्रशासनात आणि अभ्यासकांतही आहे. तक्रारदार गप्प दिसला की त्याचे समाधान झाले, असा सोयीचा निष्कर्ष काढला जातो. परुळेकरांचे कथन नीट वाचल्यास या निष्कर्षाला छेद मिळतो, त्यांचे शीर्षक मात्र नकळत त्याला आधार देते.

३. गवत, हंगाम आणि प्रतीक्षेची किंमत

२३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारल्यांची सभा झाली. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी शेतावर काम करायचे नाही, कोणतेही काम फुकट करायचे नाही, मारहाण झाल्यास प्रतिकार करायचा आणि सर्वांनी एकजुटीने राहायचे, असे निर्णय तेथे झाले. अहवालातील एक आणा आणि झरीचे बारा आणे या दोन आकड्यांत सहा वर्षांचे अंतर आहे. पहिला आकडा दुसऱ्याने लिहून घेतलेला होता, दुसरा स्वतः ठरवलेला होता. पुढील थोड्याच महिन्यांत वेठ मोडली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी राबत राहावे, ही लग्नगडीची प्रथाही कोसळली.

या लढ्याचा प्रतीक्षेच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद भाग पावसाळ्यानंतरच्या गवतकापणीच्या संपाचा आहे. पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मिळावेत, अशी मागणी होती. डहाणू-तलासरी पट्टीतील गवत हा जमीनदारांच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. पाऊस सरल्यानंतर ते ठरावीक दिवसांतच कापावे लागते, उशीर झाला की त्याचा कस जातो. कापणारे हात थांबले, तेव्हा वाट पाहण्याची पाळी प्रथमच जमीनदारावर आली. मजूर उपाशी राहत होता हे खरे, परंतु प्रत्येक जाणारा दिवस आता दोघांनाही महाग पडत होता. कोणत्याही संपाचे हेच तत्त्व असले, तरी परुळेकरांच्या कथनात ते एका पिकाच्या, एका ऋतूच्या आणि एका भूभागाच्या तपशिलातून दिसते. म्हणून ते पटते.

अर्थात याची किंमत मोठी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोदावरीबाईंची सभा असल्याची अफवा पसरवून लोकांना जमवले गेले. जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. परुळेकर पतिपत्नीला ठाणे जिल्ह्यात येण्यास बंदी करण्यात आली. तरीही संप मोडला नाही आणि मजुरीची मागणी मान्य झाली. १९४६ मध्ये जंगलतोडीच्या कामासाठी सव्वा रुपया रोजाची मागणीही अशाच दीर्घ संपानंतर मान्य करून घेण्यात आली. नेते जिल्ह्याबाहेर असताना लोकांनी धीर सोडला नाही, याचे श्रेय कथनात संघटनेला मिळते. ते योग्यच आहे. त्यात आणखी एक भर घालता येईल. या लोकांजवळ थांबण्याला एक मुदत होती आणि ती निसर्गाने ठरवलेली होती. अनिश्चित काळ वाट पाहण्यापेक्षा हंगाम संपेपर्यंत वाट पाहणे माणसाला झेपते.

४. ‘आम्ही’मध्ये विरलेली एकटी व्यक्ती

येथपर्यंत पुस्तकाचे बळ दिसते. त्याची मर्यादा कथनाच्या सर्वनामात आहे. कथन प्रथमपुरुषी असले, तरी त्यातील ‘मी’ ही लेखिका आहे आणि वारली बहुतांशी ‘ते’ किंवा ‘आम्ही’ म्हणून येतात. मारहाणीच्या, बलात्काराच्या, लग्नगडीच्या घटना एकामागून एक येतात आणि व्यवस्थेविरुद्धच्या पुराव्यासारख्या उभ्या राहतात. त्या व्यक्तीने अन्याय सांगितल्यावर तिच्या घरात काय झाले, शेजारणी तिच्याशी कशा वागल्या, रात्री तिला झोप लागली की नाही, हे वाचकाला क्वचितच कळते. लढा जिंकला की तिचे गाऱ्हाणेही निकालात निघाले, असे कथन धरून चालते. मजुरीच्या बाबतीत हे खरे असू शकते. अपमानाच्या बाबतीत ते तितके खरे नाही.

चळवळीच्या साहित्यात हे अपरिहार्य असते, असा बचाव करता येईल. पण पुढे दलित आत्मकथनांनी आणि आदिवासी कवितेने हाच प्रश्न नेमका ऐरणीवर आणला. वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा विषयच आदिवासींचे दुःख मंचावरून दुसऱ्यांनी सांगण्याचा आहे. परुळेकरांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. झोपड्यांत राहून, तेथलेच अन्न खाऊन त्यांनी हे जीवन जाणले होते. तरीसुद्धा प्रतीक्षा हा असा अनुभव आहे की तो जवळून पाहिला तरी पूर्णपणे दिसत नाही. वाट पाहणाऱ्याच्या दिवसात बाहेरून टिपण्यासारखे काही घडतच नसते.

म्हणून ज्या तक्रारदाराच्या मागे पाच हजारांची सभा नाही, त्याला हे पुस्तक अर्धाच रस्ता दाखवते.

५. आजचा तक्रारदार आणि मुदतीचा कायदा

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील आजचा कामगार घोलवड-डहाणूच्या चिकूवाड्यांत, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर, सीमेपलीकडील उंबरगाव-वापीच्या औद्योगिक वसाहतींत, वीटभट्ट्यांवर, तसेच शाळा, आश्रमशाळा, दवाखाने व सरकारी कचेऱ्यांत काम करतो. वेठ कायद्याने केव्हाच गेली. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने तिच्यावर बंदी घातली आणि १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. सायमिंग्टनच्या अहवालापासून या कायद्यापर्यंत सदतीस वर्षे गेली, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. आज भेदभावाचे स्वरूप अधिक सूक्ष्म आहे. टोमणा, डावलले गेलेले काम, रोखलेली बढती, बदली, गोपनीय अहवालातील एक शेरा, अशा रूपांत तो वावरतो. त्याचे गाऱ्हाणे मांडणारी व्यक्ती बहुधा एकटी असते आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाताखाली तिला निकालापर्यंत काम करावे लागते.

अशा एकट्या तक्रारदाराच्या प्रतीक्षेचा एक प्रसिद्ध दाखला मुंबईतील आहे. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतील एका स्त्री लघुलेखिकेने पुरुष लघुलेखकांइतके वेतन मिळावे, म्हणून समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. तिची नोकरी १९७७ मध्ये संपुष्टात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला तो मार्च १९८७ मध्ये. दाव्याची रक्कम सात हजार रुपयांच्या आसपास होती. न्याय मिळाला, तत्त्व प्रस्थापित झाले, पुढील असंख्य स्त्रियांना त्याचा आधार मिळाला. परंतु ती दहा वर्षे एका व्यक्तीच्या आयुष्यातून गेली. कंपनीच्या दृष्टीने ती एका फाईलची दहा वर्षे होती. गवत वेळेवर न कापल्यास वाया जाते, फाईलचे तसे काही होत नाही. कचेरीतील तक्रारदार आणि १९४५ चा वारली मजूर यांच्या स्थितीत हाच मूलभूत फरक आहे.

कायद्याने हा फरक ओळखला आहे, असे अलीकडील तरतुदींवरून म्हणता येते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करावी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यावा आणि मालकाने साठ दिवसांत त्यावर कार्यवाही करावी, अशी मुदत आहे. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीला तिच्या लेखी विनंतीवरून बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. प्रतीक्षेचा काळ हाही अन्यायाचा भाग होऊ शकतो, याची ही कबुलीच आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्याने तलासरीच्या स्त्रीला यासाठी ठाण्यापर्यंत जाण्याचे कारण उरले नाही. जमातीच्या कारणावरून नोकरीत भेदभाव झाल्यास राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडेही दाद मागता येते.

मात्र मुदत लिहिणे आणि मुदत पाळली न गेल्याची झळ कोणाला तरी लागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्याण्णवाव्या दिवशी तक्रारदाराच्या मनावर जे ओझे असते, ते समितीच्या मनावर नसते. हंगाम कागदावर आणला गेला, पण कस जाण्याची भीती एकाच बाजूला राहिली.

संघटित प्रतीक्षेलाही हा अनुभव चुकलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांसाठी मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी व आदिवासी चालत गेले आणि सहा महिन्यांत दावे निकाली काढण्याचे आश्वासन सरकारने दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये त्यांना रस्त्यावर यावे लागले. लाल बावटा तोच आहे, प्रतिपक्ष मात्र बदलला. जमीनदाराला हंगामाची घाई होती, कचेरीला ती नसते.

६. प्रतीक्षा झेपण्याच्या वाटा

असे असले तरी परुळेकरांच्या पुस्तकातून एकट्या तक्रारदारासाठीही काही सूत्रे हाती लागतात. ती उपदेश म्हणून येत नाहीत, घटनांच्या ओघात दिसतात.

पहिले सूत्र साक्षीचे आहे. टिटवाळ्याला गाऱ्हाणे चारचौघांत बोलले गेले. त्यानंतर ते एका घराचे राहिले नाही. तक्रार गोपनीय राखणे कायद्याने आवश्यक असते, पण गोपनीयता आणि एकटेपणा या एक गोष्टी नव्हेत. घरातील एखादे माणूस, विश्वासातील सहकारी, कामगार संघटना किंवा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील यांच्यापैकी कोणाला तरी आपण वाट पाहत आहोत हे ठाऊक असणे, हा धीराचा पहिला आधार होय.

दुसरे सूत्र मुदतीचे आहे. झरीच्या सभेनंतर लोक हंगाम मोजत होते. तक्रारदाराने तक्रारीची पोच, सुनावणीची तारीख, नव्वदावा दिवस आणि त्यानंतर कोणाकडे जायचे, हे आरंभीच लिहून ठेवले, तर अथांग वाटणाऱ्या काळाला काठ मिळतो. दरम्यान घडलेल्या प्रत्येक प्रसंगाची तारखेसह नोंद ठेवण्याचा उपयोग पुराव्यासाठी होतोच. शिवाय स्वतःच्या स्मरणावरचा विश्वासही त्यामुळे टिकतो. दीर्घ प्रतीक्षेत माणूस प्रथम त्याच विश्वासाला पारखा होतो.

तिसरे सूत्र असे की जगणे निकालावर टांगून ठेवता येत नाही. जिल्हाबंदीच्या काळातही पाड्यांवरचे व्यवहार चालू होते, माणसे एकमेकांना धान्य देत होती. निकाल लागेपर्यंत स्वतःचे काम, प्रकृती आणि घर सांभाळणे ही माघार नव्हे. थांबण्याची ताकद तेथूनच येते.

समारोप

‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक प्रतीक्षेचे तत्त्वज्ञान सांगत नाही. तरीही वाट पाहण्याचा भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे कसा सरकवता येतो, याचे इतके सविस्तर चित्र मराठीत क्वचितच आढळेल. एकट्या माणसाचा अंतर्गत काळ त्यात फारसा उमटलेला नाही आणि शीर्षकातील रूपकाने वारल्यांच्या आधीच्या जागेपणाला पुरता न्याय दिलेला नाही, या त्याच्या मर्यादा होत. त्या मान्य करूनही पुस्तकाचे मोल उणे होत नाही.

तलासरी येथे गोदावरी परुळेकर यांच्या नावाचे महाविद्यालय आज उभे आहे. हे पुस्तक महाविद्यालयांतून शिकवले जाते तेव्हा शिकवणारे बहुधा स्वतःला वारल्यांच्या बाजूला उभे करतात. परंतु अंतर्गत समितीचे सदस्य, विभागप्रमुख, तक्रार निवारण कक्षाचे निमंत्रक या नात्याने प्राध्यापकच अनेकदा दुसऱ्याच्या प्रतीक्षेचे धनी असतात. पुढच्या बैठकीवर ढकललेला विषय, न पाठवलेली पोच, सुटीनंतर पाहू असे म्हणून बाजूला ठेवलेला अर्ज, यांत वाईट हेतू नसतोही. १९३९ चा अहवाल बाजूला पडला, तेव्हाही तो वाचणाऱ्या प्रत्येकाचा हेतू वाईट असेलच असे नाही. तक्रारदाराला आठवड्यातून एकदा, सांगण्यासारखे काही नसले तरी, ‘आपले प्रकरण अमुक टप्प्यावर आहे’ असे लेखी कळवणे हे कोणत्याही समितीच्या अधिकारात बसते आणि त्याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. प्रतीक्षेच्या किमतीतील एवढा वाटा संस्थेने उचलला, तरी या पुस्तकाचे वाचन वर्गाबाहेर पोहोचले असे म्हणता येईल.